दहापैकी सात

सात गुण आले तेव्हा मी उभ्या उभ्याच आईला फोन लावला.

"आई, मर्ल पास्कोनं मला सात दिले."

पलीकडे भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. "तोंडी की कागदावर?" आईने विचारलं.

"कागदावर."

"जपून ठेव," आई म्हणाली, आणि तिचा आवाज भरून आला.

आमच्या कॉपिन्स वेलमध्ये हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मर्ल पास्को गेली अठ्ठावीस वर्षं गावच्या मेळ्यात स्पंज केकला गुण देते. दहा तिने देवासाठी राखून ठेवलेत, आणि देवाने अजून केक पाठवलेला नाही. नऊ रिकामे आहेत. आठ एकदाच दिले, बेरिल हॉकिंगच्या लिंबाच्या केकला, आणि पुढे कित्येक वर्षं मर्ल म्हणायची की त्या दिवशी मला ताप होता. सहाला निळी फीत मिळते. पाच म्हणजे खाण्याजोगा. माझी आई एकोणीस वर्षं केक घेऊन गेली. अंडी मायेने फेटली, पीठ तीनदा चाळलं, आणि तिची सगळ्यात मोठी कमाई साडेसहा. इथली माणसंच तशी. पाऊस पोटभर झाला तर म्हणतात, वाईट नाही. नवरी सुंदर दिसली तर म्हणतात, वाईट नाही. त्याच्या वरचा शब्द कुणी वापरत नाही, आणि वापरलाच तर ऐकणारा विचारतो, काय उसनं पाहिजे?

फोन ठेवला तर समोर ब्रेंटन उभा. ब्रेंटन मॅडर्न आमच्या मोटारींच्या दुकानाचा व्यवस्थापक, दीड वर्षापूर्वी ॲडलेडहून आलेला. दात पांढरे, बूट टोकदार, आणि आमच्या लाल धुळीने रोज नव्याने दुखावला जाणारा.

"लोरेल," तो हळू आवाजात म्हणाला, "घरी सांगितलंस ते बरं केलंस. असं मनात ठेवू नये."

"सांगणारच. सात आहेत."

"हो. सात." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आपण यातून बाहेर पडू."

मग त्याने मला बसवून कंपनीचं गणित सांगितलं. नवी गाडी घेणाऱ्याला कंपनी एक प्रश्न विचारते: दहापैकी किती समाधानी? नऊ किंवा दहा म्हणाला तर तो समाधानी. त्याच्या खाली सगळे नाराज.

"मग एक ते आठ छापता कशाला?"

"माणसाला आपण निवड केली असं वाटावं म्हणून," ब्रेंटन म्हणाला. त्याने ते मनापासून सांगितलं.

आता दुकानाचं सांगते. आमच्याकडे गिऱ्हाईक दोन जातींचं. एक खासगी, म्हणजे स्वतःच्या पैशाने स्वतःसाठी एक गाडी घेणारं. दुसरं ताफ्याचं, म्हणजे खाण, नगरपालिका, वीजखातं. ते गाड्या घेत नाहीत, उचलतात. गाडी म्हणजे बहुतेक यूटच: पुढे मोटारीसारखं बसायचं, मागे उघडा हौदा. आमच्या रस्त्यावर पांढरी यूट पुढे, पांढरी यूट मागे, पांढरीच्या सावलीत पांढरी उभी. दारावर आकडा, काठीवर नारिंगी झेंडी, टपावर पिवळा दिवा. सकाळी सहाला खाणीची पाळी बदलते तेव्हा बगळ्यांचा थवा उतरल्यासारखं गाव दिसतं, फक्त बगळे एवढे शिव्या देत नाहीत.

त्या तिमाहीत आम्ही खाणीला एकशे चव्वेचाळीस यूट दिल्या. नगरपालिकेला अकरा. आणि खासगी गिऱ्हाईक एक: मर्ल पास्को. खासगींचं सरासरी मत म्हणजे ती एकटीच.

"खाणीला का नाही विचारत?" मी म्हटलं. "त्यांच्या एवढ्या गाड्या."

"ताफ्याला विचारत नाहीत. विचारणार कुणाला? सही करणारा चालवत नाही, चालवणारा सही करत नाही."

खासगी गिऱ्हाइकांचं टेबल माझं. सतरा वर्षं झाली. खिडकीपाशी आहे, वर कुंडीत एक झुडूप आहे, आणि तिथे बसून माणसं तास तास विचार करतात. न्हावी हॅडन त्याच्या गाडीचा रंग ठरवायला चार शनिवार आला होता आणि चौथ्या शनिवारी बायकोला सोबत घेऊन आला, तिच्या डोळ्यांशी जुळवून बघायला. ब्रेंटनला हे टेबल म्हणजे जागेची नासाडी वाटायची. आता वरून फतवाच आला होता: खासगी समाधान नऊच्या खाली गेलं तर टेबल बंद, टेबलामागची बाई बंद. ज्याला हवी त्याने पडद्यावर बोट ठेवून गाडी मागवावी.

"पण नाराज गिऱ्हाइकाची तक्रार दूर केली," ब्रेंटन म्हणाला, "तर कंपनी दहा दिवसांत त्याला परत फोन करते. तो गुण धरतात. गुरुवारी अकरा वाजता तिला फोन येईल. तोवर तिची तक्रार दूर करायची."

"तिची तक्रार नाहीये. सात आहेत."

"तेच म्हणतोय मी," ब्रेंटन म्हणाला.

मंगळवारी आम्ही तिच्याकडे गेलो. गावापासून चाळीस किलोमीटर, शेळ्यांचं मोठं रान, मधे एक पत्र्याचं घर. अंगणात तिची नवी यूट उभी होती, शेवाळी हिरवी, त्या सगळ्या तांबड्या रानात एकटीच ओली दिसणारी. ब्रेंटनने मागच्या सीटवरून भेट काढली: मेंढीच्या कातड्याची मऊ खोळ, दोन्ही बैठकांसाठी.

"आपण आधी फोन करायला हवा होता," मी म्हटलं.

"लोकांना अचानक आलेलं आवडतं."

मर्ल पडवीत उभी होती. एकाहत्तर वर्षांची, वाळलेल्या काटकीसारखी, डोळे मात्र चाळणीसारखे बारीक.

"मर्ल," ब्रेंटन हात पसरून म्हणाला, "कशी आहेस? ही तुझ्यासाठी छोटीशी..."

"मिसेस पास्को," ती म्हणाली.

"मिसेस पास्को. ही तुमच्यासाठी छोटीशी आठवण."

तिने खोळीकडे पाहिलं, हात लावला नाही. "दोन हजार एकमध्ये कुणीतरी मेळ्याच्या आदल्या दिवशी माझ्याकडे डुकराची अख्खी तंगडी पाठवली होती. नाव सांगत नाही, ती बाई अजून जिवंत आहे. तिचा केक मी न कापता तंबूबाहेर ठेवला." ती माझ्याकडे वळली. "लोरेल, याला कुणी सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं, मिसेस पास्को."

"मग आत या. चहा ठेवलाय."

आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. ब्रेंटनने खोळ मांडीवर घेतली होती, आजारी कोकरासारखी.

"तुम्ही सात दिलेत," तो म्हणाला, "तर आम्हाला समजून घ्यायचंय, काय कमी पडलं?"

"काही नाही."

"तीन गुण कमी पडले."

"तीन गुण वर आहेत," मर्ल म्हणाली. "तिथे कुणी पोहोचलेलं नाही."

"पण तुम्ही खूश आहात?"

"गाडी वाईट नाही."

ब्रेंटनने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुभाषी आहे. मी म्हटलं, "त्या खूश आहेत."

मग त्याने सगळं सांगितलं. नऊ, दहा, नाराज, टेबल. माझ्याकडे बोट करून, जरा खालच्या आवाजात, माझी नोकरीही सांगितली. मी कपातला चहा ढवळत राहिले. साखर मी घेत नाही.

मर्ल ऐकत होती. "किती जणांना विचारलंत?"

"तुम्हाला."

"एकच केक असला तर मेळ्यात आम्ही फीत देत नाही," ती म्हणाली. "तुलना कशाशी करायची? आणि एक सांग बाबा. मी पैसे भरले गेल्या वर्षीच्या मेमध्ये. गाडी आली या जूनमध्ये. तेरा महिने. मी म्हटलं, जहाजं अडली असतील, जगात काय काय चालू असतं. म्हणून त्याचा गुण कापला नाही. जहाजंच ना?"

"जहाजं," ब्रेंटन म्हणाला. "बंदर. सुटे भाग. एकूणच."

मर्लने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडे बघत होती, नुसती, जशी ती केकमध्ये सुरी घालून बाहेर काढते आणि पात्याला काय चिकटलं ते पाहते.

मला वाटलं, गप्प बसावं. टेबल माझं, झुडूप माझं. पण त्या सातांवर मी आईला रडवलं होतं, आणि ते सात खरे नव्हते हे फक्त मला आणि ब्रेंटनला ठाऊक होतं.

"तुमची गाडी फेब्रुवारीत आली होती, मिसेस पास्को," मी म्हटलं. "हिरवीच. मी स्वतः तिच्यावर तुमच्या नावाची चिठ्ठी लावली. त्या आठवड्यात खाणीला द्यायच्या चाळीस गाड्यांत एक कमी पडत होती. ती त्यांना गेली."

"हिरवी?"

"त्यांनी वरून पांढरा कागद चिकटवून घेतला. आता ती सत्तेचाळीस नंबर आहे. दार उघडलं की कडेला हिरवं दिसतं. मी तेव्हा तोंड उघडलं नाही."

ब्रेंटनच्या मांडीवरची खोळ खाली पडली.

मर्लने आपला कप उचलला, बशी पुसली, कप परत ठेवला. "रांगेतल्या पहिल्या बाईचा केक उचलून वर दुसरीचं नाव टाकायचं," ती म्हणाली. "दोन. गुरुवारी दोन सांगणार. लोरेल, तुला मी वेगळे दिले असते, पण यांच्या कागदावर एकच ओळ आहे."

परतीच्या वाटेवर ब्रेंटनने पंधरा किलोमीटर गाडी दामटली. मग म्हणाला, "तू असं का केलंस?" आणखी दहा किलोमीटरांनी तो एकदम शीळ घालायला लागला, आणि मला त्या शीळेची जास्त भीती वाटली.

"तिच्याकडे आणखी काय वाहनं आहेत?"

"जुना ट्रक आहे. नवऱ्याचा. आणि शेळ्यांमागे फिरायची ती चार चाकांची फटफटी."

"शेताच्या नावावर?"

"असतील."

"तीन," ब्रेंटन म्हणाला. त्याचे सगळे दात दिसले. "एका धंद्याच्या नावावर तीन वाहनं म्हणजे ताफा. नियमच आहे. आणि ताफ्याला विचारत नाहीत."

बुधवारी तो एकटाच गेला, या वेळी रिकाम्या हाताने, फक्त नवी यूटही शेताच्या नावावर करायचा कागद घेऊन. मर्ल काय म्हणाली ते तिनेच मला नंतर सांगितलं. तिने चष्मा पुसून, डोळ्यांवर लावून कागद वाचला. ताफ्याला किंमत कमी. आधी भरलेले जास्तीचे पैसे परत. ताफ्याची गाडी बिघडली तर यंत्रवाला फाटकाशी येणार. दुरुस्ती लांबली तर बदली गाडी. नवी मागवली तर तीन आठवड्यांत.

"म्हणजे मी पहिल्यापासून ताफा होते," मर्ल म्हणाली, "आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"मी रंग विचारत बसले," ती म्हणाली, आणि सही केली. गुरुवारी अकरा वाजता फोन वाजलाच नाही.

ब्रेंटनने माझ्यासाठी मांस भरलेली पेस्ट्री आणली, गरम, वर टोमॅटोचा सॉस. "टेबल वाचलं," तो म्हणाला. "रकान्यात काहीच नाही. काहीच नाही म्हणजे वाईटही नाही."

पण मर्ल पास्को ही गोष्ट पोटात ठेवणारी बाई नव्हे. पुढच्या सोमवारी बायकांच्या सभागृहात चहाला बसल्यावर तिने सगळा नियम वाचून दाखवला. मंगळवारी बेकरीवाला गॅव्हिन आला: "माझी एक गाडी, बायकोची एक, आणि पावाची व्हॅन. मी काय आहे?" ताफा. बुधवारी पाद्री आला. चर्चच्या नावावर दोन गाड्या आणि बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र. ब्रेंटनने क्षणभर विचार केला आणि गवताच्या यंत्राची चाकं मोजली. ताफा. हॅडन न्हाव्याकडे एकच गाडी होती, तर त्याने दोन मेहुण्यांना त्यांच्या गाड्यांसकट दुकानात भागीदार करून घेतलं. शेवटी तर पोस्टातली बाई तिच्या दोन सायकली घेऊन आली आणि वादावादी करून परत गेली, एवढीच काय ती नियमाची शान राहिली.

सप्टेंबरपर्यंत गावात खासगी माणूस उरला नाही. रात्री झोपताना सगळे गिऱ्हाईक होते, सकाळी उठले ते ताफे. कुणी खिडकीपाशी बसेना. येत, उभ्याने सही करत, आणि मी म्हटलं, "आत बसून बघ तरी," की म्हणत, "लोरेल, ताफ्याला असलं नसतं."

मुख्य कचेरीने तिमाहीचा अहवाल काढला. त्यात एक चित्र होतं, उतरती रेघ, आणि खाली तज्ज्ञाचं मत: या भागात खासगी ग्राहकाचा आत्मविश्वास खचला आहे, बहुधा व्याजदर, बहुधा हवामान. दुसऱ्या पानावर ब्रेंटनचा फोटो होता. एकही नाराज ग्राहक नाही म्हणून त्याला काचेचा एक त्रिकोण मिळाला होता. तिसऱ्या पानावर माझ्या टेबलाबद्दल एकच ओळ: मागणीअभावी शुक्रवारी हलवण्यात यावे.

ब्रेंटनला खरंच वाईट वाटलं. "मी तुझं टेबल वाचवलं होतं, लोरेल," तो म्हणत राहिला. "बघ ना, वाचवलं होतं."

गुरुवारी दुपारी मर्ल आली. हिरवी यूट दारातच, अर्धी पायवाटेवर लावली. तिला एवढं रागावलेलं मी एकदाच पाहिलं होतं, कुणीतरी बाजारचा केक आपला म्हणून मांडला होता तेव्हा.

"तुमचा यंत्रवाला आला होता फाटकाशी," ती म्हणाली. "तेल बदललं, शीळ घातली, आणि फाटक उघडं टाकून गेला. माझ्या एकतीस शेळ्या अजून रस्त्यावर आहेत. याचे मी चार देते. लिहून घे."

"कुठं लिहू, मिसेस पास्को? तुम्ही ताफा आहात. रकानाच नाही."

"मागं होता ना?"

"मागं तुम्ही खासगी होता."

ती खिडकीपाशी बसली. बाहेर खाणीची पाळी सुटली होती. पांढऱ्यामागून पांढरी जात होती, आणि त्यांत गॅव्हिनची होती, पाद्र्याची होती, पण कुठली कुणाची ते आता झेंडीशिवाय सांगता आलं नसतं. तीन आठवड्यांत पांढरीच मिळते.

"गॅव्हिनच्या गाडीचं दार खडखडतं म्हणे," मर्ल म्हणाली. "त्याने कुणाला सांगितलं?"

"मला. मी ऐकून घेतलं."

"पुढं?"

"पुढं काही नाही. त्याने सही केलीय."

"मीही केली." तिने हातमोजे काढून मांडीवर ठेवले. "हे म्हणजे केक स्पर्धेतून काढून घेतला आणि वर पाव डझन अंडी फुकट मिळाली म्हणून खूश होऊन घरी गेले. ब्रेंटन, इकडे ये बाबा."

ब्रेंटन आला. काचेचा त्रिकोण त्याच्या हातात होता. तो बहुधा त्यासाठी जागा शोधत होता.

"मला परत खासगी व्हायचंय. कागद दे."

"तसा कागद नाही, मिसेस पास्को. अजून कुणी मागितला नाही."

"मग कसं होतात?"

"नवी गाडी घ्यावी लागेल. स्वतःच्या नावावर, शेताच्या नाही. पूर्ण किमतीला." तो हसला. "आणि वाट बघावी लागेल. रांगेत खाण आहे, नगरपालिका आहे, आता सगळं गावच आहे. तेरा महिने सहज."

"आणि मग विचारणार मला?"

"नियमाने विचारावंच लागेल."

"तोवर माझी मागणी कुणाच्या वहीत राहणार?"

मला नियम पाठ होता, सतरा वर्षं तो माझ्याच खणात होता. "खासगीच्या," मी म्हटलं. "आणि वहीत एक जरी खासगी मागणी बाकी असली तरी टेबल हलवता येत नाही. कंपनीचाच नियम आहे."

"मिसेस पास्को," ब्रेंटन घाईने म्हणाला, "तुमच्याकडे नवी कोरी गाडी आहे. दुसरी कशाला? मी यंत्रवाल्याला सांगतो, शेळ्या शोधायला माणूस पाठवतो, ताफ्याला आम्ही..."

"जुना ट्रक मोडीत काढायचाच होता," मर्ल म्हणाली. तिने पाकीट उघडलं आणि नोंदणीचे पैसे माझ्यासमोर ठेवले. "नाव लिही, पोरी. मर्ल एडिथ पास्को. शेत लिहू नकोस."

मी लिहिलं. ब्रेंटनने त्रिकोण टेबलावर ठेवला, मग पुन्हा उचलला.

"लवकर यावी म्हणून मी स्वतः प्रयत्न करीन," तो म्हणाला. "तीन-चार आठवड्यांतसुद्धा..."

"काही घाई नाही," मर्ल म्हणाली.

"रंग?" मी विचारलं.

ती खुर्चीत मागे रेलून बसली आणि हातमोजे पिशवीत टाकले. "अजून ठरत नाही," ती म्हणाली. "पुढच्या गुरुवारी परत येईन."